बीपी वाढलंय ते टेन्शनमुळे की पाळी जायला आली म्हणून?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 49. आयुष्यभर माझं बीपी 110/70 च्या आसपास असायचं, कधीकधी तर ‘लो आहे’ म्हणून सांगायचे. गेलं दीड वर्ष पाळी पुढेमागे होतेय, कधी तीन-तीन महिने येत नाही. रात्री अचानक अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो, धडधडतं. दोन महिन्यांपूर्वी सहज तपासलं तर बीपी 146/92 निघालं. मिस्टर म्हणतात, टेन्शन घेणं कमी कर. जाऊबाई म्हणतात, पाळी जाताना सगळ्यांचंच वाढतं, एकदा गेली की उतरतं. त्या हार्मोनच्या गोळ्या घेतात. ‘तूही घे, हार्मोन मिळाले की बीपी ताळ्यावर येईल,’ असं त्यांचं म्हणणं. घरी मशीन आणलंय, पण दर वेळी आकडा वेगळा. परवा रात्री वाफा आल्यावर लागोपाठ पाच वेळा मोजलं, तर 138 पासून 158 पर्यंत काहीही येत होतं. दुसऱ्या बाळंतपणात आठव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, पण नंतर उतरलं. शिवाय मुलगी 24 वर्षांची आहे, तिला पीसीओडीसाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्यात. त्यांनी तिचंही बीपी वाढेल का?

उत्तर:

ताई,

जाऊबाईंचं पहिलं वाक्य बरंचसं बरोबर आहे. पाळी जाण्याच्या काळात अनेकींचं बीपी वाढतं आणि त्यात हार्मोन्सचा हात असतो. पुढची दोन वाक्यं मात्र चुकीची आहेत. पाळी पूर्ण थांबली म्हणून वाढलेलं बीपी आपोआप उतरत नाही, आणि हार्मोनच्या गोळ्या हे बीपीचं औषध नाही. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे आठव्या महिन्यातलं बीपी. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आधी इतकी वर्षं तुमचं बीपी 110/70 कशामुळे राहिलं ते पाहू, म्हणजे आता काय बदललंय ते कळेल.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. हा थर नुसता आच्छादनापुरता आहे असं पूर्वी समजायचे. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन घातलं की काही पट्ट्या सैल पडायच्या, काही उलट आवळायच्या. फरक कुठे होता? पट्टी कापताना, हाताळताना आतला तो थर खरवडला गेला असेल, तर ती सैल पडतच नव्हती. म्हणजे ‘सैल हो’ हा निरोप या थरातूनच स्नायूंपर्यंत जात होता. निरोप नेणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झालं आणि 1998 साली फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिड म्युराड यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं मुख्य स्त्री-हार्मोन, नेमकं याच थरावर काम करतं. ते या पेशींना जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतं, वाहिनी सैल ठेवणारं प्रोस्टासायक्लिन वाढवतं आणि वाहिनी आवळणारं एंडोथेलिन कमी ठेवतं. परिणामी वाहिन्या मऊ आणि रुंद राहतात, आणि तेवढंच रक्त कमी दाबात वाहतं.

दुसरं काम मूत्रपिंडाशी निगडित आहे. दाब कमी पडतोय असं वाटलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं. यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनावर रेनिन काम करतं आणि दोन पायऱ्यांनंतर अँजिओटेन्सिन-2 बनतं. ते वाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरोन या हार्मोनकरवी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. बीपीच्या अनेक औषधांचा रोख याच साखळीवर असतो. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन ही साखळी ढिली ठेवतं. मात्र तेच इस्ट्रोजेन तोंडावाटे घेतलं की यकृताला जास्त अँजिओटेन्सिनोजेन बनवायला लावतं. ही उलटी बाजू लक्षात ठेवा, तुमच्या जाऊबाईंच्या आणि मुलीच्या गोळ्यांचं कोडं तिथेच सुटतं.

तिसरा भाग मज्जातंतूंचा आहे आणि मला तो फार विलक्षण वाटतो. गुडघ्याजवळच्या एका नसेत केसासारखी बारीक सुई घालून वाहिन्यांना ‘आवळा’ म्हणणारे संदेश प्रत्यक्ष मोजता येतात. तरुण पुरुषांमध्ये हे संदेश जितके जास्त तितक्या वाहिन्या आवळलेल्या असतात. तरुण स्त्रियांमध्ये हा मेळच बसत नाही. संदेश जोरात चालू असले तरी वाहिन्या त्या प्रमाणात आवळत नाहीत, कारण त्याच वेळी वाहिन्या सैल करणारी बीटा ग्राहकांची (पेशींवरच्या निरोप पकडणाऱ्या जागांची) यंत्रणा त्या संदेशांना तोलून धरते. औषधाने बीटा ग्राहक बंद केले की स्त्रियांमध्येही मेळ दिसू लागतो. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो कुठलंही औषध न देताच दिसतो. म्हणजे तो तोल सुटलेला असतो, आणि वयानुसार संदेशांचा जोरही वाढलेला असतो.

प्रोजेस्टेरोन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, पण त्याचंही काम मोलाचं आहे. ते अल्डोस्टेरोनची जागा अडवतं आणि मूत्रपिंडातून मीठ बाहेर जाऊ देतं. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात शरीर म्हणूनच अल्डोस्टेरोन वाढवून ही घट भरून काढतं. पाळीच्या चक्रात बीपी थोडं खालीवर होतं ते यामुळेही, पण तो फरक जेमतेम काही अंकांचा असतो. त्यासाठी कॅलेंडर घेऊन बसायची गरज नाही.

आता तुमच्या वयाकडे येऊ. चाळिशीच्या उत्तरार्धात हार्मोन्स एका सरळ रेषेत उतरत नाहीत. अंडं बाहेर पडणं अधूनमधून चुकू लागतं, त्यामुळे प्रोजेस्टेरोन आधी कमी पडतं. इस्ट्रोजेन मात्र काही महिने पूर्वीपेक्षाही जास्त असतं, मग अचानक कोसळतं, पुन्हा वर जातं. पाळी बंद झाल्यावर ते कायमचं खाली येतं. वर सांगितलेले आधार असे एकेक करून निघतात, आणि शरीर मिठाला जास्त संवेदनशील होतं. दोन्ही अंडाशयं शस्त्रक्रियेने काढलेल्या स्त्रियांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी या सगळ्यांचं बीपी नॉर्मल होतं. शस्त्रक्रियेनंतर चारच महिन्यांनी, मिठाने बीपी वाढणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं होतं. चार महिन्यांत वय काही फारसं वाढत नाही, म्हणून मला हा पुरावा महत्त्वाचा वाटतो.

सगळं हार्मोन्सवर ढकलता मात्र येणार नाही. याच वर्षांत पोटाचा घेर वाढतो, झोप मोडते, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास स्त्रियांमध्ये वाढू लागतो. आणि 2020 साली अमेरिकेत सुमारे 32,800 स्त्री-पुरुषांच्या 43 वर्षांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की स्त्रियांच्या बीपीचा चढ पुरुषांपेक्षा तीव्र असतो आणि तो तरुण वयातच सुरू होतो. पाळी जाते तेव्हा तो चढ डोळ्यांत भरतो, इतकंच. तुम्ही 110 वर होतात म्हणून सुरक्षित आहात असं इतकी वर्षं सगळ्यांनी धरून चाललं, तुम्हीही.

टेन्शनबद्दल थोडं स्पष्ट बोलते. टेन्शनने बीपी तेवढ्यापुरतं वर जातं, हे खरं. पण पन्नाशीतल्या बाईचं डोकं दुखलं, धडधडलं, झोप उडाली की ‘टेन्शन’ नाहीतर ‘त्या वयाचं आहे’ म्हणायचं आणि दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचंच नाही, हे मी फार पाहते आणि मला त्याचा मनापासून राग येतो. वाढलेल्या बीपीला बहुतेक वेळा लक्षणंच नसतात. ते वर्षानुवर्षं गुपचूप हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडावर काम करत राहतं. मिस्टरांचा हेतू चांगलाच असेल, पण हा सल्ला तुम्हाला तपासणीपासून लांब ठेवतोय.

मशीनचं म्हणाल, तर ते बिघडलेलं नसणार. वाफा येतात तेव्हा त्वचेच्या वाहिन्या उघडतात, ठोके वाढतात, घाम येतो, आणि तुम्ही घाबरलेल्याही असता. तेव्हा लागोपाठ पाच वेळा मोजलं तर पाच वेगळे आकडे येणारच. त्यातला कुठलाही आकडा तुमचं खरं बीपी नव्हे. तो कागद बाजूला ठेवा आणि सात दिवस पुन्हा मोजा. सकाळी आणि संध्याकाळी, चहा-कॉफी किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास झाल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं न बोलता बसा. पट्टा बाहीवर बांधू नका, उघड्या दंडावर बांधा, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडले नाहीत तरी. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत वरचा आकडा 135 किंवा खालचा 85, किंवा त्याहून जास्त आला, तर तो दवाखान्यातल्या 140/90 च्या बरोबरीचा समजतात.

आता तो आठवा महिना. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरोन दोन्ही प्रचंड वाढतात, रक्तातला द्रव चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो, हृदय पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त रक्त फेकतं. तरीही पहिल्या पाच-सहा महिन्यांत बीपी उलट उतरतं, कारण वाहिन्या तितक्याच सैल झालेल्या असतात. शरीराची ही एक मोठी परीक्षाच असते. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 च्या पुढे जातं तेव्हा वाहिन्यांच्या आतल्या त्या थराला ताण झेपलेला नसतो. सोबत लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी यांवर परिणाम दिसत असेल, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. बाळंतपणानंतर आकडा उतरतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फाइल माळ्यावर जाते. पण ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला त्यांना पुढे कायमचं बीपी जडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तीन ते चार पट असतो, आणि हृदयविकाराचा साधारण दुप्पट. प्रथिनं नसताना नुसतं बीपी वाढलं असेल तरी पुढचा धोका वाढतोच. तुमचं आत्ताचं 146 मी म्हणूनच ‘पाळी जाताना सगळ्यांचं वाढतं’ या खात्यात टाकणार नाही. ती जुनी फाइल शोधा. लघवीच्या तपासणीत प्रथिनं होती का, बाळ किती आठवड्यांचं आणि किती वजनाचं झालं, झटके आले होते का, हे पाहा. फाइल सापडली नाही तर आठवेल तेवढं कागदावर लिहून न्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा, कारण पन्नाशीतल्या बाईला बाळंतपणाबद्दल विचारायचं बऱ्याचदा राहून जातं.

हार्मोनच्या गोळ्यांचा प्रश्न जाऊबाईंच्या तर्काने सोपा वाटतो. इस्ट्रोजेन गेलं म्हणून बीपी वाढलं, ते परत दिलं की उतरेल. एके काळी हृदयाच्या बाबतीत वैद्यकशास्त्रालाही असंच वाटत होतं. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीत 27,000 हून अधिक स्त्रियांना हार्मोन किंवा नुसती दिसायला तशीच गोळी देऊन पाहिलं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरोनसारखं कृत्रिम हार्मोन) दोन्ही देणारा भाग 2002 साली वेळेआधी थांबवावा लागला. हृदयाचं संरक्षण झालं नाही, आणि वरचं बीपी हार्मोन घेणाऱ्यांमध्ये एखाद-दीड अंकाने जास्तच राहिलं. त्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुमच्या वयाला ते सगळे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण हार्मोनने बीपी उतरतं असं मात्र कुठूनही निघत नाही.

याचं एक कारण यकृतात आहे. गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे अँजिओटेन्सिनोजेन वाढवते. त्वचेवरच्या पॅचमधून किंवा जेलमधून इस्ट्रोजेन दिलं की ते थेट रक्तात जातं आणि हा परिणाम जवळपास टळतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात 1,12,000 हून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास 2023 साली आला. त्यात नुसतं इस्ट्रोजेन तोंडाने घेणाऱ्यांमध्ये बीपी जडण्याचा धोका पॅच-जेल वापरणाऱ्यांपेक्षा 14 टक्के जास्त दिसला.

मग हार्मोन घ्यायचेच नाहीत का? वाफांनी तुमची झोप मोडतेय, दिवस खराब जातायत, तर जरूर विचार करा. त्या त्रासावर इस्ट्रोजेनइतका चांगला उपाय दुसरा नाही, आणि साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बऱ्याच जणींसाठी फायदा जास्त असतो. पण आधी बीपी आटोक्यात आणा, मग शक्यतो त्वचेवाटे घ्यायचा प्रकार विचारा. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरोन लागतंच. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात यांपैकी काही झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. जाऊबाईंच्या पाकिटातली गोळी घेऊन पाहू नका. त्यांनाही विचारा, गोळ्या सुरू केल्यापासून बीपी मोजलंय का. वाफांसाठी हार्मोनऐवजी कधी व्हेनलाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध देतात, त्यानेही काहींचं बीपी वाढतं. गुडघेदुखीच्या किंवा पाठदुखीच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर त्याही डॉक्टरांना दाखवा, त्या मीठ-पाणी धरून ठेवतात.

सात दिवसांची सरासरी जास्त निघाली तर बीपीची गोळी सुरू करायला कचरू नका. एक गोष्ट तेवढी आवर्जून सांगा: तुमची पाळी अजून पूर्ण थांबलेली नाही. बारा महिने सलग पाळी आली नाही, तरच ती गेली असं म्हणतात. तोवर गर्भ राहू शकतो, आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या गर्भाला घातक असतात. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्यांवर सूज येणं आणि रॅमिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागणं, हे स्त्रियांमध्ये जास्त दिसतं. असं झालं तर गोळी स्वतः बंद करू नका, बदलून मागा. मिठाबद्दल मी वर लिहिलंच आहे, त्यामुळे या वयात मीठ कमी करण्याचा फायदा तुम्हाला चाळिशीपूर्वीपेक्षा जास्त मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून एका चहाच्या चमच्याहून कमी. झोपेत घोरता का, श्वास अडकतो का, हे मिस्टरांना विचारून तेही डॉक्टरांना कळवा. आणि आकडा 180/120 च्या पुढे गेला आणि छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा अंधुक दिसणं यांपैकी काही असेल, तर सात दिवसांची वही विसरा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

शेवटी मुलीचा प्रश्न. गर्भनिरोधक गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, हे 1960 च्या दशकातच लक्षात आलं होतं. तेव्हाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन फार असायचं. पहिल्या गोळीत ते 150 मायक्रोग्रॅम होतं, आज बहुतेक गोळ्यांत 20 ते 35 असतं. पण हे कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतावर जोरात काम करतं, त्यामुळे आजही काही मुलींचं बीपी वाढतं. बहुतेकींमध्ये ही वाढ थोडी असते आणि गोळ्या थांबवल्यावर काही महिन्यांत उतरते. पीसीओडीमध्ये वजन आणि इन्सुलिनमुळे बीपीचा धोका मुळातच जास्त, शिवाय तुमचा इतिहास आहे, म्हणून तिचं बीपी आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. तिच्या गोळीत ड्रॉस्पिरेनोन हे प्रोजेस्टिन असेल, तर त्याची रचना स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या औषधाशी मिळतीजुळती आहे आणि ते नैसर्गिक प्रोजेस्टेरोनसारखंच अल्डोस्टेरोनला अडवतं. त्याने पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते चालत नाही. ती सिगरेट ओढत असेल, किंवा डोकं दुखायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे चमकत्या रेघा येत असतील, तर डॉक्टरांना हे लगेच सांगायला हवं. बीपी 140/90 किंवा त्याहून वर राहिलं तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सहसा थांबवतात. तरी तिच्यासाठी मार्ग बंद होत नाही: गर्भनिरोधासाठी तांबी आहे, पाळी नियमित ठेवायला आणि गर्भाशयाचं अस्तर जपायला नुसत्या प्रोजेस्टिनचे प्रकार आहेत, आणि त्यातला कुठला तिला मानवेल हे तिचं बीपी पाहूनच ठरतं.